कापड किती बेतायचे, हे आधी सांगा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातील एका गावात मी गेली अठरा वर्षे तयार कपड्यांचा छोटा व्यवसाय चालवते. घराच्या पडवीत दोन शिलाई यंत्रांवर सुरू झालेल्या या कामात आज सहा यंत्रे, एक ओव्हरलॉक, बेतणीचे एक लांब टेबल आणि आम्ही आठ जणी आहोत. आमच्या लेबलचे सुती कुर्ते, ब्लाउज आणि झगे म्हापसा व मडगावच्या काही दुकानांत जातात, थोडा माल किनारपट्टीवरच्या बुटिकांत जातो, थोडा घरीच विकला जातो आणि उरलेला व्हॉट्सॲपवर मागणी येईल तसा कुरिअरने बाहेरगावी जातो. असे व्यवसाय गोव्यात पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेचसे बायका चालवतात. या व्यवसायांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर, म्हणजे एआयवर, चालणारी ॲप तयार करण्याची सध्या लगबग आहे. माझी भाची अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून तिने आणि तिच्या तीन सोबत्यांनी प्रकल्पासाठी हाच विषय घेतला आहे. त्या निमित्ताने ही मुले काही महिने माझ्या टेबलाशेजारी बसत आहेत. त्यापूर्वी मी स्वतः एका कंपनीचे तयार ॲप पैसे भरून वापरले होते. या दोन्ही अनुभवांतून जे मत झाले आहे, ते अशी ॲप घडवू पाहणाऱ्या तरुणांपर्यंत आणि त्यांच्या प्राध्यापकांपर्यंत आपल्या वृत्तपत्रामार्फत पोहोचावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की, या ॲपची सुरुवात चित्रापासून होते आणि ती बेतणीच्या टेबलापासून व्हायला हवी. आमचा पैसा अडकतो तो कापडात. दुकानात कुर्ता कसा दिसेल, याची चिंता आम्हाला असतेच. पण त्याआधी, थानावर कात्री चालवताना, कोणत्या मापाचे किती नग काढायचे हा प्रश्न असतो, आणि तो चुकला की सुंदर फोटोने काही भरून निघत नाही. ज्या मुलांनी आमच्यासाठी ॲप करायचे ठरवले, त्यांतल्या बहुतेकांच्या पहिल्या आराखड्यात हा प्रश्न नसतोच. माझ्या भाचीच्या आराखड्यातही नव्हता.

आधी चित्रांचा अनुभव सांगते. गेल्या वर्षी मी घेतलेल्या ॲपमध्ये कुर्ता टेबलावर पसरून फोटो काढला की काही सेकंदांत तोच कुर्ता घातलेली एक तरुणी समुद्रकिनाऱ्यावर उभी दिसे. मॉडेल नको, छायाचित्रकार नको, स्टुडिओचे भाडे नको, म्हणून आम्ही सगळ्या हरखून गेलो. त्या चित्रांवरून बाहेरगावच्या मागण्याही आल्या. परंतु आमचे कापड हातमागाचे, जरा जाडसर, अंगाला न चिकटणारे असे सुती होते आणि चित्रात ते सॅटिनसारखे झुळझुळत होते. आमचा लाल रंग चित्रात नारिंगीकडे झुकला होता. चौकडीच्या रेघा बाहीवरून खांद्यावर अखंड चढलेल्या दिसत होत्या. प्रत्यक्षात शिवणीपाशी त्या तुटतात. त्या चित्रांवरून गेलेल्या कुर्त्यांपैकी निम्म्याहून अधिक परत आले. जाण्याचे आणि येण्याचे कुरिअर माझ्या अंगावर पडले, परत आलेला माल पुन्हा इस्त्री करून ठेवेपर्यंत हंगाम संपला, आणि ज्या गिऱ्हाइकांनी माल परत केला त्यांतल्या बऱ्याच जणींनी पुन्हा मागणी केली नाही. ही हानी मला पैशांपेक्षा मोठी वाटली.

असे का होते, हे मुलांनी मला समजावून सांगितले. चित्र तयार करणाऱ्या या प्रणालींना कापडाचे वजन, पीळ किंवा ते अंगावर कसे पडते, यांतले काहीच ठाऊक नसते. लाखो छायाचित्रे पाहून, अशा आकारानंतर बहुधा असा रंग, अशी सावली येते, एवढेच त्या शिकतात आणि कोऱ्या ठिगळात ते भरत जातात. शिकताना ज्या प्रकारची छायाचित्रे जास्त पाहिली, तिकडे त्या झुकतात. हा झुकाव माणसांच्या बाबतीत मोजला गेलेला आहे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधिकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या, तेव्हा उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकांचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते आणि गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले होते. ते काम वेगळे आणि कपड्यांचे वेगळे, तरी जे पुरेसे पाहिले नाही तिथे चुकायचे, हे कारण दोन्हीकडे एकच आहे. म्हणून भाचीला मी एवढेच सांगितले की, चित्र नवे काढू नकोस, मी काढलेला फोटो सुधार. चौकटीच्या कोपऱ्यात पांढरा कागद ठेवून फोटो काढला, तर ट्यूबलाइटने आलेला पिवळा किंवा निळा झाक त्या कागदावरून मोजून काढून टाकता येतो आणि रंग खऱ्याच्या जवळ येतो. त्यांनी ते केले आहे आणि ते उत्तम चालते. मागची पडवी पुसून स्वच्छ भिंत लावून दिली तरी माझी हरकत नाही. कापडाला मात्र हात लावू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येते. कोणते माप किती काढायचे, हे ठरवण्यासाठी मुलांनी माझ्या विक्रीच्या पाच वर्षांच्या वह्या मागून नेल्या. सगळ्या नोंदी संगणकात भरल्यावर यंत्राने पहिला अंदाज दिला, त्यात ऑगस्ट महिन्यात विक्री वाढत चालली आहे, असे निदान होते. मी वही उघडून पाहिली तेव्हा कारण समजले. आमची सर्वांत मोठी विक्री चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या तीन आठवड्यांत होते. चवथ २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला आली आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणजे विक्री वाढली नव्हती, सण अलीकडे सरकला होता. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ असल्याने चवथ पुन्हा १४ सप्टेंबरला आहे. यंत्राचे ऐकून जुलैअखेर सगळा माल तयार करून ठेवला असता, तर महिनाभर पैसा कपाटात पडून राहिला असता आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत सुती माल सांभाळण्याचे काम वाढले असते, ते वेगळेच. मुलांनी मग महिन्याऐवजी ‘चवथीला किती दिवस उरले’ ही नोंद यंत्राला दिली. दसरा, दिवाळी, नाताळ, गावची जत्रा आणि लग्नाचे मुहूर्त यांचेही तसेच केले. हे आमच्या घरातली कोणतीही बाई कॅलेंडर पाहून सांगेल. पण ज्यांनी परदेशी दुकानांच्या विक्रीवर आपली प्रणाली बसवली, त्यांना तिथी हा शब्दच ठाऊक नसतो.

दुसरी चूक याहून अवघड होती. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माझ्या साध्या, पूर्ण बाह्यांच्या झग्यांची विक्री एकदम वाढलेली वहीत दिसते. जुने गोवे येथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा शवप्रदर्शन सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला आणि बाहेरून आलेल्या भाविकांमुळे ती विक्री झाली होती. हा सोहळा दर दहा वर्षांनी होतो. यंत्राला ते कळण्याचा मार्गच नव्हता. त्याने पुढच्या वर्षीच्या डिसेंबरसाठी तेवढ्याच झग्यांचा अंदाज दिला. यावर उपाय म्हणून मुलांनी एक साधी सोय केली. विक्रीत कुठे अचानक चढ किंवा उतार दिसला की ॲप स्वतः कारण कल्पीत नाही, ते मला विचारते की, ‘या आठवड्यात काय घडले होते?’ मी मराठीत बोलून उत्तर देते आणि तो काळ अंदाजातून वगळायचा की ठेवायचा, हे मीच ठरवते. करोनाची दोन वर्षे मी अशीच वगळली. मला ही सोय त्या ॲपमधली सर्वांत हुशार गोष्ट वाटते, कारण जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक असलेल्याला विचारावे, एवढे शहाणपण तिच्यात आहे.

तिसरी चूक वहीची होती, म्हणजे माझीच, आणि तिच्यावर मला सविस्तर लिहायचे आहे. यंत्राने सांगितले की, डबल एक्सएल आणि त्यापुढच्या मापांना मागणी अगदी कमी आहे, ती काढूच नयेत. वहीवरून पाहिले तर ते बरोबर होते. पण माझ्याकडे काम करणारी एक बाई, जी दुपारी विक्रीला बसते, ती पटकन म्हणाली, “ताई, मोठे माप विचारणाऱ्या रोज येतात. आपल्याकडे नसते म्हणून परत जातात.” मी दर हंगामात मोठ्या मापाचे दोन-तीनच नग काढत आले, ते पहिल्या आठवड्यात संपत आले, आणि नंतर आलेल्या बायका रिकाम्या हाती गेल्या. वहीत विकले गेलेले तेवढे लिहिलेले असते. जे विकता आले नाही ते कुठेच नसते. मागणी कमी म्हणून माल कमी आणि माल कमी म्हणून नोंद कमी, असे ते चक्र होते. संगणकाने ते चक्र तसेच उचलले असते आणि त्यावर आकडेवारीचा शिक्का मारून मला परत दिले असते. संख्याशास्त्रात याचा चांगला अभ्यास झालेला आहे, असे भाचीच्या प्राध्यापकांनी सांगितले: दुकानात माल संपल्यानंतरची विक्री ही खरी मागणी नसते, तिची खालची मर्यादा असते. पण शास्त्राला जे ठाऊक आहे ते माझ्या टेबलापर्यंत येण्यासाठी त्या बाईचे बोलणे कोणी तरी ऐकायला हवे होते. मुले त्या दिवशी तिथे बसली नसती, तर ॲपने मला मोठी मापे बंद करायला लावली असती आणि मी ती केलीही असती.

त्यानंतर मुलांनी ॲपच्या पहिल्याच पडद्यावर एक मोठे बटण दिले, त्यावर ‘नव्हते’ एवढेच लिहिले आहे. गिऱ्हाइकाने मागितलेले माप, रंग किंवा प्रकार आपल्याकडे नसला की ते दाबायचे आणि काय नव्हते ते बोलायचे. सुरुवातीला विक्रीला बसणारीला याचा कंटाळा येई, कारण विक्री झाली तर हिशेबासाठी लिहावे लागते, न झालेली विक्री कशाला लिहायची, असे तिला वाटे. आता दिवसाला पाच-सहा नोंदी होतात. त्यांवरून यंदा मी मोठ्या मापांचे कापड वेगळे काढून ठेवले आहे. मापांचा प्रश्न तसा देशभराचा आहे. आपण वापरतो ते मापांचे तक्ते मूळचे परदेशी आहेत आणि म्हणूनच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइज’ या प्रकल्पात पंचवीस हजार भारतीयांची मापे घेण्याचे काम हाती घेतले. पण राष्ट्रीय तक्ता आला तरी माझ्या दुकानात कोण येते, हे माझ्याच नोंदींतून कळणार.

अंदाजाविषयी आणखी एक गोष्ट. मोठ्या कंपन्यांकडे एकेका प्रकाराचे हजारो नग विकले जातात आणि त्यांच्या यंत्राला शिकायला भरपूर मिळते. माझ्या एका डिझाइनचे बारा ते वीस नग निघतात. त्यांतला एखादा आठवड्यात तीन वेळा खपतो आणि मग महिनाभर हलत नाही. अशा तुटक मागणीसाठी क्रॉस्टन या संशोधकांनी १९७२ मध्येच एक पद्धत सुचवली होती, तीत किती नग गेले आणि दोन विक्रींमध्ये किती काळ गेला, हे वेगवेगळे मोजतात. त्यापुढे जाऊन मुलांनी एकेका डिझाइनचा अंदाज करणे सोडले. कापडाचा प्रकार, गळ्याचा प्रकार आणि माप असे गट केले आणि गटाचा अंदाज काढला. उत्तरही एका आकड्यात येत नाही. ‘अठरा ते सत्तावीस’ असे येते, आणि नवा रंग असेल तर ‘या रंगाची माहिती नाही’ असे स्पष्ट येते. पहिल्या ॲपने मला नेमका ‘तेवीस’ असा आकडा दिला असता, मी त्यावर विश्वास ठेवला असता आणि चुकल्यावर कुणाला विचारायचे हेही समजले नसते.

मग अठरा काढायचे की सत्तावीस, हे कसे ठरवावे? यासाठी व्यवस्थापनशास्त्रात एक जुने गणित आहे, त्याला ‘वृत्तपत्रविक्रेत्याचा प्रश्न’ म्हणतात: सकाळी किती अंक घ्यावेत, की उरलेही नाहीत आणि कमीही पडले नाहीत. आपल्या वाचकांना ते सहज पटेल. माझा एक कुर्ता ७०० रुपयांना पडतो, १,५०० ला जातो आणि चवथीनंतर उरला तर ५०० ला काढावा लागतो. नग कमी पडला तर ८०० रुपयांचा नफा बुडतो, उरला तर २०० रुपये जातात. आठशे भागिले एक हजार, म्हणजे दहांपैकी आठ हंगामांत पुरेल इतका माल काढणे फायद्याचे. उलट एखादा भरतकामाचा झगा १,२०० ला पडतो, १,६०० ला जातो आणि उरला तर ४०० लाच निघतो. तिथे बुडणारा नफा ४०० आणि उरल्यास तोटा ८००, म्हणजे तीनांपैकी एकाच हंगामात पुरेल इतका काढावा. अठरा वर्षे मी दोन्हींना एकच नियम लावत होते. हे गणित करायला कृत्रिम बुद्धिमत्ता मुळीच लागत नाही, पण ते आमच्यापर्यंत कोणी आणून दिले नव्हते. ॲपने ते दिले, याचे श्रेय त्या मुलांना आहे.

बेतणीतही मोजमापाचा प्रश्न येतो. चार कुर्त्यांना किती मीटर कापड लागेल, हे ॲप सांगते, परंतु ते साध्या कापडाचे. चौकडीच्या कापडात पुढचा आणि मागचा भाग, बाही आणि खिसा यांवरच्या रेघा जुळवाव्या लागतात, म्हणून प्रत्येक तुकड्यामागे एकेक चौकडी वाया जाते आणि चौकडी जितकी मोठी तितके कापड जास्त लागते. हातमागाचा पन्हा थानागणिक थोडा कमी-जास्त असतो आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून आम्ही ते आधी पाण्यातून काढतो. या तीन गोष्टी ॲपमध्ये भरण्यासाठी मुलांना जवळजवळ महिना लागला. कुठल्याही लेखी ठिकाणी त्या नीट मांडलेल्या त्यांना सापडल्या नाहीत. आमच्याकडे बेतणी करणाऱ्या बाईच्या हाताला मात्र त्या ठाऊक होत्या.

काही कामे भाषेच्या प्रणालीकडे, म्हणजे प्रश्न विचारला की गप्पा मारल्यासारखे उत्तर देणाऱ्या यंत्राकडे, सोपवूच नयेत, असे मला अनुभवाने वाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. पूर्वी १,००० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के होता, आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के आहे. मी अशाच एका यंत्राला १,८०० रुपयांच्या कुर्त्यावरचा कर विचारला, तर त्याने मोठ्या आत्मविश्वासाने १२ टक्के सांगितला. जुना मजकूर वाचून ते शिकलेले होते आणि जुनेच सांगत होते. मी ते ऐकून बिल केले असते, तर गिऱ्हाइकाकडून सात टक्के जास्त घेतले असते. कराचा दर, कुरिअरचा दर, शिलकी मालाची बेरीज यांची उत्तरे एकच असतात. ती नियमांच्या तक्त्यातून आणि साध्या हिशेबातून द्यावीत. ज्यात अनेक उत्तरे चालतात, उदाहरणार्थ एका कुर्त्याचे चार ओळींचे वर्णन मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत लिहून देणे, तिथे भाषेच्या प्रणालीची खरीखुरी मदत होते. आमचे ते काम आता रात्री अकराऐवजी संध्याकाळीच संपते.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे, तर गोव्यातील एक अडचण नोंदवते. आमच्याकडे मागण्या येतात त्या मराठीत, कोंकणीत, देवनागरीत आणि रोमी लिपीत, आणि एकाच संदेशात यांतले दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात. कोंकणीत ‘कापड’ म्हणजे साडी. ‘दोन कापडां जाय’ असा संदेश आला, तेव्हा ॲपने दोन मीटर कापडाची नोंद केली. सासष्टीतल्या गिऱ्हाइकाचा संदेश आणि पेडण्यातल्या गिऱ्हाइकाचा संदेश यांतले शब्दही वेगळे असतात. म्हणून ॲपने नोंद करण्यापूर्वी आपल्याला काय समजले ते वाचून दाखवावे आणि ‘बरोबर’ म्हटल्यावरच नोंद करावी, असा आग्रह मी धरला. एक पायरी वाढली, पण चुकीच्या पार्सली थांबल्या.

मापांच्या वहीबद्दल मी सर्वांत कठोर आहे. बाळंतपणानंतर सुटलेले अंग, शस्त्रक्रियेनंतर एका बाजूला लावायचे जादा अस्तर, वयात येणाऱ्या मुलीची मापे, हे सगळे बायका आमच्यापाशी विश्वासाने बोलतात आणि आमच्या वहीत ते नावानिशी असते. पहिल्या ॲपने ही वही फोटो काढून ‘अपलोड’ करायला सांगितले होते. ती माहिती कुठे साठते आणि किती काळ राहते, याचे उत्तर मला शेवटपर्यंत मिळाले नाही आणि मी ती दिली नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे आणि माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हा त्याचा गाभा आहे. परंतु कायद्याची वाट कशाला पाहायची? भाचीच्या ॲपमध्ये मापे माझ्याच फोनमध्ये राहतात, बेतणाऱ्या बाईला नाव किंवा फोन क्रमांक दिसत नाही, फक्त मापे आणि मागणीचा क्रमांक दिसतो, आणि गिऱ्हाइकाने सांगितले की नोंद पुसता येते. आमच्या नव्या डिझाइनांचेही तसेच आहे. डिझाइन्स ॲक्ट, २००० खाली नोंदणी हवी असेल तर डिझाइन आधी प्रसिद्ध झालेले असून चालत नाही. म्हणून बाजारात येण्यापूर्वीचा नमुना कुठल्याही अनोळखी प्रणालीत टाकू नये, असे मी इतर व्यावसायिक भगिनींनाही सांगेन.

एका सोयीला मी स्पष्ट नकार दिला. मुलांनी हौसेने असे बटण केले होते की, ‘कुणबी पद्धतीची नक्षी’ म्हटले की यंत्र लाल चौकडीच्या दहा नव्या नक्ष्या काढून देई. कुणबी साडी ही शेतात राबणाऱ्या कुणबी-गावडा बायकांची साडी आहे. गुडघ्याखाली थोडीशी, खांद्यावर गाठ मारून नेसलेली, कामाला सुटसुटीत. ती जवळजवळ नाहीशी झाली होती. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेऊन फॅशनच्या मंचावर नेली. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२० मध्ये ते गेले. त्यांनी त्यासाठी विणकर शोधले, जुन्या साड्या हातात घेऊन पाहिल्या. आता हीच चौकडी यंत्रमागाच्या पॉलिएस्टरवर छापून ‘कुणबी’ म्हणून विकली जाते आणि माग चालवणाऱ्याला तिच्यातला एक पैसाही मिळत नाही. आमच्या ॲपने त्या छपाईला हातभार लावावा, हे मला मान्य नाही. त्याऐवजी प्रत्येक नगावर कापड हातमागाचे की यंत्रमागाचे, कुठे विणलेले आणि किती दिवसांत, हे लिहिण्याची जागा ठेवली आहे. मुलांना ते पटायला वेळ लागला, कारण नक्षी काढणारे बटण दाखवले की बघणारे टाळ्या वाजवतात; पण त्यांनी ते काढून टाकले.

इंटरनेट गेले तरी ॲप चालावे आणि वर्गणी हंगामाप्रमाणे असावी, या मागण्या आहेतच. जून ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत किनारपट्टीवरची बुटिके बंद असतात आणि आमची आवक निम्म्याने घटते. त्या महिन्यांत पूर्ण वर्गणी कापणारे ॲप पुढच्या हंगामापर्यंत कोणाकडे टिकत नाही.

फर्मागुडीपासून कुंकळ्ळीपर्यंत आपल्याकडे अभियांत्रिकीच्या उत्तम संस्था आहेत आणि तिथली मुले दरवर्षी असे प्रकल्प करतात. त्यांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, विषय मंजूर करण्याआधी विद्यार्थ्याने ज्यांच्यासाठी ॲप करायचे त्यांच्याकडे, ऐन हंगामात, निदान पंधरा दिवस बसलेले असावे, अशी अट घालावी. माझ्याकडे यंदा चवथीपर्यंत मी माझा अंदाज आणि ॲपचा अंदाज वहीत शेजारी शेजारी लिहीत आहे. सण झाल्यावर दोन्हींची विक्रीशी तुलना होईल आणि ज्या विद्यार्थ्यांना ती वही पाहायची असेल त्यांना, गिऱ्हाइकांची नावे झाकून, मी ती दाखवीन. आणि ज्या भगिनी स्वतः असा व्यवसाय करतात, त्यांनी ॲप घ्यावे की घेऊ नये हे नंतर ठरवावे, पण विक्रीच्या वहीत उजवीकडे ‘नव्हते’ असा एक रकाना आजच आखावा. तारीख, माप, रंग आणि गिऱ्हाईक दुसरे काही घेऊन गेले की तसेच परतले, एवढ्या चार गोष्टी त्यात पुरतात.

आपली विश्वासू,
तयार कपड्यांची एक व्यावसायिक,
फोंडा, गोवा